आवाज समोरच्याचा, चकाकी आपली

आर्चटॉप गिटार वाजवणाऱ्याला तिचा खरा आवाज कधी नीट ऐकूच येत नाही. हे वाद्य समोर बसलेल्यांसाठी घडवलेलं आहे. व्हायोलिनसारखी कोरून फुगवटा दिलेली स्प्रूस लाकडाची वरची फळी, मधल्या गोल भोकाच्या जागी दोन बाजूंना 'एफ' अक्षराच्या वळणाच्या खाचा, आणि सगळा जोर आवाज पुढे फेकण्यावर. वाजवणारा बसतो मागे. त्याच्या वाट्याला कडेकडेने निसटलेलं तेवढं येतं. अलीकडे काही कारागीर गिटारीच्या बाजूच्या पट्टीला एक छोटं भोक ठेवतात ते याचसाठी, की मालकालाही थोडं ऐकू यावं. चकाकीचं मात्र उलट. ती थेट हनुवटीखाली असते आणि तिच्यावरचा केसाएवढा ओरखडाही नजरेतून सुटत नाही.

त्यामुळे हातघडणीची आर्चटॉप घ्यायला निघालेला माणूस पहिल्या पावलालाच अडचणीत असतो. पाच-सहा हजार डॉलरच्या खाली बरी मिळत नाही, नाव असलेल्या कारागिराची वीस-तीस हजारांना जाते, आणि ज्यासाठी हे पैसे मोजायचे ते पारखायला हा बसलाय चुकीच्या जागी. मग तो जे दिसतं ते पारखतो. याला उथळपणा म्हणायला मी तयार नाही. दिसणाऱ्या गोष्टीवर दोन माणसांचं एकमत होऊ शकतं. कडेने बसवलेल्या शोभेच्या पट्टीत फट आहे की नाही हे बोट ठेवून दाखवता येतं. 'खर्जात दम नाही' हे कसं दाखवणार? कारागीर म्हणणार, तारा बदला, खोली बदला, सहा महिने वाजवा, मोकळी होईल. तो खोटं बोलत असेलच असंही नाही. पण गिटार परत करण्यावरून जी भांडणं माझ्या कानावर आली ती बहुतेक रूपावरून झालेली होती, आणि हे ठाऊक असल्यामुळे कारागीरही जिवाचा आटापिटा करतो तो रूपासाठीच.

बरं, आवाज म्हणजे कुठला आवाज, हाही प्रश्न आहेच. १९२२ साली मिशिगनमधल्या कलामझू गावी गिब्सन कंपनीने लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एल-५ ही गिटार काढली, तिथून 'एफ' खाचांच्या आर्चटॉपची गोष्ट सुरू होते. तेव्हा गिटारीला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या फौजेतून लाकडाच्या पेटीचा आवाज नाचणाऱ्यांपर्यंत पोचवायचा होता. एल-५ सोळा इंच रुंद होती. तिशीच्या दशकात गिटारी सतरा-अठरा इंचांवर गेल्या आणि बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग बापलेकांनी एकोणीस इंचांपर्यंत मजल मारली. गिटारवादक फ्रेडी ग्रीन हा काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत बसला. तारा मानेवरच्या फ्रेटपासून, म्हणजे पडद्यांपासून, चांगल्या उंच ठेवायचा, एकट्याने ताना घेण्याच्या भानगडीत सहसा पडायचा नाही. चारही मात्रांवर छाटून टाकलेला ठोका, बस. ते ध्वनिमुद्रण ऐकताना गिटार वेगळी अशी ऐकू येत नाही, पण ती काढून घेतली तर सगळा बँड लंगडेल हे कळतं.

आता हीच गिटार कुणी बंद खोलीत एकट्याने मांडीवर घेतली तर म्हणेल, ही कोरडी आहे, स्वर टिकत नाही, लगेच विझतो. विझायलाच हवा होता! कॅम्पफायरच्या गोल भोकाच्या गिटारीवर कान तयार झालेल्या माणसाला आर्चटॉप पहिल्यांदा ऐकताना निराशच व्हायला होतं. म्हणजे आवाज पारखायला नुसते कान पुरत नाहीत, वाद्य कशासाठी आहे हेही ठाऊक असावं लागतं. लकाकी पारखायला यातलं काहीच लागत नाही.

गिटारीच्या रूपाचीही एक गंमत आहे. आर्चटॉप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सनबर्स्ट, मध्ये मधासारखा सोनेरी आणि कडेला जात जात काळपट तपकिरी. एल-५ वरच्या या रंगाला गिब्सनने नाव दिलं होतं 'क्रेमोना ब्राऊन'. क्रेमोना म्हणजे जगप्रसिद्ध व्हायोलिन घडवणाऱ्या स्ट्राडिव्हारीचं इटलीतलं गाव. जुन्या व्हायोलिनचं वॉर्निश जिथे हात लागतो, घासलं जातं तिथे झिजून फिकट होतं आणि कडाकोपऱ्यांत गडद राहतं. सनबर्स्ट त्या झिजेची नक्कल आहे. थोडक्यात, नव्या कोऱ्या गिटारीवर दोनशे वर्षांची झीज रंगवायची, आणि मग त्या रंगावर एक खरा चरा उमटला की गिऱ्हाईकाने कपाळाला हात लावायचा.

सनबर्स्टचा आणखी एक उपयोग सुतारकाम करणारा कुणीही ओळखेल. गडद कडेखाली लाकडाचे डाग झाकले जातात. 'ब्लाँड' म्हणजे बिनरंगाची गिटार करायची तर फळी निर्दोष हवी, म्हणून जुन्या बाजारात ब्लाँडला भाव जास्त. निर्दोष म्हणजे दिसायला निर्दोष. स्प्रूसच्या रेषा किती दाट आणि किती सरळ हे आपण बघतो. कारागीर फळी हातात घेऊन वाकवून बघतो, अंगठ्याने टिचकी मारून कानाशी धरतो, वजन करतो. त्याला हवा असतो ताठपणा आणि हलकेपणा, आणि ते दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. पाठीच्या मेपलमधल्या ज्या लाटांवर आपण भाळतो, त्या म्हणजे नागमोडी वाढलेले तंतू. तसल्या लाकडावर रंधा मारताना कपच्या उपटून येतात, कारागीर मनातल्या मनात शिव्या घालत असतो. नामवंत आर्चटॉप-कारागीर बॉब बेनेडेट्टोने एकदा लाकडाच्या वखारीत मिळणाऱ्या गाठीगाठींच्या पाइनची आर्चटॉप करून दाखवली, आणि टेलर गिटार कंपनीच्या बॉब टेलरने १९९५ मध्ये माल वाहायच्या ओकच्या पॅलेटची गिटार केली, खिळ्यांची भोकं उठून दिसतील अशी. दोघांनाही हेच म्हणायचं होतं की हात महत्त्वाचा, फळी नंतर.

तरी मला वाटतं, ही दोन उदाहरणं लोक जरा जास्तच आवडीने सांगतात. बेनेडेट्टो गाठींच्या लाकडाचीही गिटार वाजती करतो, यावरून गाठींच्या लाकडाची प्रत्येक गिटार वाजेल असं होत नाही. व्हायोलिनच्या जगातही हा मोह आहे. अठराव्या शतकातला इटालियन कारागीर ग्वार्नेरी देल जेझू याच्या शेवटच्या वर्षांतल्या व्हायोलिनांच्या खाचा वाकड्यातिकड्या, कोरीव काम घाईचं, आणि त्यातलंच १७४३ चं एक थोर व्हायोलिनवादक पागानिनीचं लाडकं, जेनोवाला आजही जपून ठेवलेलं. ते बघून 'खडबडीत आहे म्हणजे आत्मा आहे' असं म्हणणारे निघतात. देल जेझू व्हायचं बाजूला राहिलं, नुसती खाच वाकडी कापली म्हणून कुणाला सूट का द्यायची?

अलंकाराची किंमत कशी चुकवावी लागते याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्येच आहे. जॉन डी'अँजेलिको (१९०५–१९६४) याचं मॅनहॅटनमधल्या केनमेअर स्ट्रीटवर गिटारी घडवायचं दुकान होतं. हजारावर गिटारी त्याच्या हातून गेल्या. त्याची 'न्यूयॉर्कर' म्हणजे त्या काळच्या गगनचुंबी इमारतींचा थाट. तारांची खालची टोकं अडकवायचं पायऱ्यापायऱ्यांचं पितळी टेलपीस, शिंपल्याची जडणघडण आणि कडेने पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे थरावर थर. या पट्ट्या आणि फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली बसवलेलं पिकगार्ड सेल्युलॉइडचं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. काही दशकांनी ते आपसूक सडायला लागतं आणि सडताना आम्लाची वाफ सोडतं. बंद पेटीत ठेवलेल्या गिटारीच्या जवळच्या तारा हिरव्या पडतात, सोन्याचा मुलामा खाल्ला जातो, पिकगार्डचा भुगा होतो. लाकूड ठणठणीत, आवाज शाबूत, आणि जे शोभेसाठी लावलं तेच बाकीच्याला खाणार. जाणकार दुरुस्तीवाले असं पिकगार्ड काढून वेगळं ठेवतात. अशा गिटारीचा मालक कात्रीत सापडतो. सडकं काढावं तर ती 'मूळ' राहत नाही, ठेवावं तर शेजारचा भाग जातो. आणि जुनी गिटार पुन्हा रंगवली तर भाव निम्म्यावर येतो असा बाजारातला ढोबळ हिशोब आहे, मग ती आधीपेक्षा बरी वाजो की वाईट.

डी'अँजेलिकोच्या हाताखाली शिकलेला जिमी डी'अक्विस्टो (१९३५–१९९५) मात्र वर्षागणिक दागिने उतरवत गेला. पितळी टेलपीस जाऊन एबनी लाकडाचं आलं, शिंपले गेले, पट्ट्या गेल्या. शेवटच्या काळातल्या त्याच्या गिटारी उघड्या लाकडाच्या वाटतात. त्याच काळात त्याने स्कॉट चिनेरी नावाच्या संग्राहकासाठी एक गिटार चक्क निळी केली. डी'अक्विस्टो गेल्यावर चिनेरीने त्याच्या आठवणीखातर बावीस कारागिरांना सांगितलं, प्रत्येकाने एक आर्चटॉप करा, अठरा इंचांची, आणि रंग हाच, याच डब्यातला निळा. १९९७ मध्ये त्या गिटारी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. मला या गोष्टीत चिनेरीचा श्रीमंती छंद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पण सगळ्यांचा रंग एक केला की रंगाबद्दल बोलणं संपतं, आणि माणूस कमानीची उंची, खाचेचं वळण, कोरीव कामाची उतरण असल्या गोष्टी बघू लागतो, हे मात्र खरं.

डोळे बांधून परीक्षा घेणाऱ्यांनी हेच जास्त कठोरपणे केलं. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ, व्हायोलिन-कारागीर जोसेफ कर्टिन आणि मंडळींनी एकवीस व्हायोलिनवादकांना वेल्डिंगचे काळे चष्मे घातले, जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटी टेकवायच्या जागी अत्तराचा थेंब लावला, आणि तीन नवी, तीन जुनी इटालियन व्हायोलिनं हातात दिली. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला. गिटारीवरही असा प्रयोग झाला आहे, फक्त आर्चटॉप नव्हे, साध्या सपाट गिटारीवर. एकाच कारागिराने सहा गिटारी केल्या, वरची फळी सारखी, पाठ आणि बाजू वेगवेगळ्या. कुठे दुर्मिळ ब्राझिलियन रोझवूड, कुठे आपला शिसव, कुठे मेपल, महोगनी. बावन्न वादकांनी काळे चष्मे लावून वाजवल्या आणि गुण जवळपास सारखे दिले. ज्या लाकडासाठी दुकानदार दोन हजार डॉलर जास्त मागतो त्याचा फरक चष्म्याआड उरला नाही.

पण रूप आणि आवाज ही दोन वेगळी खाती आहेत असंही समजू नये. लॅकरचा, म्हणजे चकाकी देणाऱ्या रोगणाचा, थर हे लाकडावरचं ओझं असतं. पातळ असला तर फळी मोकळी हलते, जाड असला तर दबते. आरशासारखी सपाट झिलई हवी तर थरावर थर फवारायचे, वाळू द्यायचे, मग पॉलिश पेपर मारून पातळी एक करायची. थर पातळ ठेवला आणि हात जरा जड पडला की थेट लाकूड उघडं पडतं, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून भिणारा कारागीर थर जाड ठेवतो. म्हणजे डोळ्याला जितका आरसा हवा, तितकी फळीच्या अंगावर गोधडी चढण्याची शक्यता. ज्यांना हे टाळायचं असतं ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात देतात. फ्रेंच पॉलिश म्हणतात त्याला, पण लाख आपली, झारखंड-छत्तीसगडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची. लाखदाणा, चंद्रस आणि कापसाची गादी घेऊन कपाटावर गोल गोल हात फिरवणारा मिस्त्री आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणी पाहिला आहे. तेच काम गिटारीवर. थर अगदी पातळ, आवाजाला उत्तम, पण घामाने पांढरा पडतो आणि नखानेही उमटतो.

न्यू जर्सीहून गाडीने दोन-अडीच तासांवर, पेनसिल्व्हेनियात, एका कारागिराच्या शेडमध्ये दोन गिटारी तयार होत्या म्हणून आम्ही गेलो. बायको बरोबर होती. ती गाते, आणि वाद्य विकत घ्यायचं असेल तर मी तिच्याशिवाय जात नाही. एक गिटार ब्लाँड, पाठीला मेपलच्या अशा लाटा की तिरपी धरली की सरकतात. दुसरी सनबर्स्ट. तिच्यात उजव्या खाचेजवळ राळेची काळसर रेघ, आणि मानेच्या बुडाशी लॅकरचा एक ओघळ तसाच वाळलेला, नखाला लागणारा. खाचेतून आत दिव्याने पाहिलं तर जोडाला सरसाचा गोळा. किंमत बरीच कमी. खरं सांगायचं तर मला मनातून ही दुसरी जिंकायला हवी होती. गोष्ट चांगली झाली असती.

बायको शेडच्या दुसऱ्या टोकाला, करवतीच्या यंत्रापाशी, पाठ करून उभी राहिली. मी आधी एक वाजवली, मग दुसरी. तेच चार कॉर्ड, तोच ठोका, मग एक संथ धून. ती न वळता म्हणाली, "अरे, दुसरी परत वाजव. मागच्या तारांवर." वाजवली. "ही आतल्या आत घुमते. बाहेर येत नाही. पहिलीचा प्रत्येक स्वर इथे येऊन उभा राहतो." पहिली म्हणजे ब्लाँड. मग कारागिराने स्वतः दोन्ही वाजवून दाखवल्या आणि मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मांडीवर असताना मला सनबर्स्ट भरदार वाटली होती. तिथून ऐकताना ती खरंच अडकत होती. माझ्या मांडीवरचा भरदारपणा म्हणजे बाहेर न पडलेला आवाज होता.

परतताना गाडीत ती तिच्या तंबोऱ्याबद्दल बोलत होती. तो मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिने घरात पेढे वाटले होते. तंबोरा घेताना तिच्या आत्याने पानाफुलांच्या पांढऱ्या नक्षीचे दोन बाजूला काढले आणि कारागिराला म्हटलं होतं, "काका, नक्षी राहू द्या, जवारी कोण लावणार ते सांगा." जवारी म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसून असा उतार द्यायचा की तार तिथे टेकता टेकता बोलायला लागेल. भोपळा पंढरपूरकडचा असो, तूनचं लाकूड कितीही जुनं असो, जवारी बिघडली की तंबोरा मुका. पण तिथे एक सोय आहे. जवारी उतरली तर पुन्हा लावता येते, नक्षी पसंत नसली तरी ती आयुष्यभर तशीच राहते. आर्चटॉपची फळी एकदा कोरली की कोरली. घोडी बदला, तारा बदला, थोडाफार फरक पडेल. कोरीव कामातली चूक दुरुस्त होत नाही.

ब्लाँडची मान माझ्या हाताला फार बारीक होती, अंगठा दुखायला लागला, म्हणून ती घेतली नाही. त्याच्याकडेच नवी करायला सांगितली. तेव्हा त्याने ऑर्डरचा कागद पुढे केला आणि मला या सगळ्या व्यवहारातली खरी अडचण कळली. कागदावर वीसेक रकाने. पाठीचं लाकूड, लाटा किती, रंग कुठला, कडेला पट्ट्या किती थरांच्या, डोक्यावर शिंपला हवा का, खुंट्या सोनेरी की काळ्या, झिलई आरशाची की मंद. आवाजासाठी रकानाच नाही. असणार कसा? तो काय लिहून देणार? मी विचारलं, या ब्लाँडसारखी वाजेल का? तो म्हणाला, त्याच झाडाची फळी वापरेन, त्याच जाडीला उतरवेन, पण तशीच वाजेल असं सांगणार नाही. हातघडणीची गिटार मागवताना आपण जे ठरवून मागू शकतो ते सगळं दिसणारं असतं. ऐकू येणारं फक्त माणूस बघून त्याच्यावर सोपवायचं.

तेव्हा मी रकाने उलटे वापरले. पाठीचं मेपल साधं, लाटांचे पैसे वाचवले. झिलई मंद, थर जमेल तितका पातळ, आणि त्यापायी कुठे लाकडाच्या रेषा बोटाला लागल्या तर तक्रार नाही असं शेजारी लिहून दिलं. खाचा एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी चालेल, पट्टीत केसाएवढी फट असली तरी चालेल. पण मानेचा कोन, फ्रेटची पातळी आणि घोडीचे पाय फळीवर पूर्ण टेकलेले आहेत की नाही, हे मी घेण्याआधी तपासणार. तिथे चूक निघाली तर गिटार परत, कितीही देखणी असो. त्याने मान डोलावली. हे तीन मुद्दे तोही आधी तपासतो म्हणाला. मग त्याने पिकगार्डचं विचारलं, जुन्या पद्धतीचं कासवपाठी रंगाचं सेल्युलॉइड आहे माझ्याकडे, फार छान दिसतं. नमुना दाखवला. खरंच छान दिसत होतं, उजेडात धरलं की मधासारखं पेटायचं. मी एबनी सांगितलं, आणि पेटीला वारा खेळायला जागा ठेवा म्हटलं.